रात्रीचा डॉक्टर आणि पेनिसिलिनची चिठ्ठी

रात्र वैऱ्याची असते, ही म्हण आजारपणाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. दिवसा साधा भासणारा ताप रात्री उग्र वाटू लागतो; मुलाचा कान ठणकतो, घसा दुखतो, खोकल्याची ढास थांबत नाही, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना तर बंद झालेला असतो. अशा वेळी जो डॉक्टर भेटेल त्याच्याकडून एखादे जालीम औषध मिळावे, एवढीच घरच्यांची इच्छा असते. हे जालीम औषध म्हणजे बहुधा प्रतिजैविक. ते द्यावे की न द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता लहानसा आहे. परंतु त्याचा निर्णय विवेकाने व्हावा यासाठी इंग्लंडमध्ये जे नियम आणि जे शिक्षण सिद्ध झाले, त्यांचा विचार उद्बोधक ठरेल.

इंग्लंडमध्ये प्रत्येक कुटुंबाचे नाव एखाद्या स्थानिक डॉक्टराच्या दवाखान्यात नोंदलेले असते. पूर्वी रात्रीची जबाबदारीही त्याच डॉक्टरावर असे. २००४ साली झालेल्या नव्या करारान्वये तिच्यातून मोकळे होण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली, आणि संध्याकाळी साडेसहापासून सकाळी आठपर्यंतचा काळ, तसेच शनिवार, रविवार व सुटीचे दिवस निराळ्या व्यवस्थेकडे गेले. या व्यवस्थेतील डॉक्टर पाळीने येतात. समोरचा रुग्ण त्यांनी पूर्वी पाहिलेला नसतो आणि पुढे पाहण्याचा संभवही थोडाच. घशातील स्राव किंवा लघवी तपासणीस पाठविली, तर तिचा निकाल हाती येईपर्यंत डॉक्टरांची पाळी केव्हाच संपलेली असते.

दिवसाचा डॉक्टर म्हणू शकतो, “दोन दिवस वाट पाहू, मग पुन्हा या.” रात्रीच्या डॉक्टराच्या हाती तो ‘परवा’ नसतो. म्हणून त्याला प्रतिजैविकाची चिठ्ठी हा एक प्रकारचा विमा वाटू लागतो. औषध रोगावर दिले जाते अशी सर्वांची समजूत असते. अवेळी ते पुष्कळदा अनिश्चिततेवर दिले जाते. या विषयातील साऱ्या मार्गदर्शनाचे मर्म येथेच आहे.

मग असा विमा उतरविण्यात बिघडते काय? पहिली गोष्ट अशी की, प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. आणि सर्दी, खोकला व घसादुखी यांचे मूळ बहुतेक वेळा विषाणूंतच असते. दुसरी गोष्ट, या औषधांनी सुक्याबरोबर ओलेही जळते. रोगकारक जंतूंबरोबर आतड्यांतील उपकारक जंतूही मरतात, जुलाब होतात, कोणाच्या अंगावर पुरळ उठते. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. औषधाला दाद न देणारे जे थोडे जंतू उरतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात जगातील सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा निर्ढावलेल्या जीवाणूंमुळे घडले, असा अंदाज संशोधकांनी पुढे मांडला आहे.

तथापि, सरसकट नकार हाही विवेक नव्हे. तापाने फणफणलेल्या शंभर मुलांत एखाद्याला न्यूमोनिया, मेंदूज्वर किंवा रक्तातील जंतुदोष झालेला असू शकतो, आणि तेथे एका तासाचा विलंबही महाग पडतो. म्हणून डॉक्टराला हवी असते ती बंदी नव्हे, तर पारख करण्याची रीत.

अशी एक रीत घसादुखीसाठी रूढ झाली आहे. ‘नाइस’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये घसादुखीविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात ‘फीव्हरपेन’ ही गुणांची पद्धत सांगितलेली आहे. गेल्या २४ तासांत ताप आला होता काय? टॉन्सिलवर पू दिसतो काय? दुखणे सुरू झाल्यापासून ३ दिवसांच्या आत रुग्ण आला काय? टॉन्सिल अतिशय सुजून लाल झाले आहेत काय? खोकला व सर्दी यांचा अभाव आहे काय? प्रत्येक होकाराला एक गुण. बेरीज शून्य किंवा एक आली, तर प्रतिजैविक देऊ नये. दोन किंवा तीन आली, तर देऊ नये अथवा राखीव चिठ्ठी द्यावी. चार किंवा पाच आली, तर लगेच देण्याचा अथवा राखीव चिठ्ठीचा विचार करावा. बहुतेकांचा घसा एका आठवड्यात आपोआप बरा होतो, आणि प्रतिजैविकाने दुखण्याचा काळ सरासरीने केवळ १६ तासांनी कमी होतो, हेही त्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. मात्र रुग्ण फारच आजारी दिसत असेल, तर गुणांची बेरीज करीत बसायचे नसते.

हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. २०२२ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधील मुलांत ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा प्रादुर्भाव असाधारण वाढला आणि काही मुले दगावली. तेव्हा डिसेंबरमध्ये तात्पुरत्या सूचना निघून मुलांना प्रतिजैविक देण्याची मर्यादा शिथिल करण्यात आली, आणि साथ ओसरल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या सूचना मागे घेण्यात आल्या. नियम परिस्थितीला धरून असतात, याचे हे चांगले उदाहरण होय.

वर उल्लेखिलेली राखीव चिठ्ठी ही रात्रीच्या डॉक्टराच्या फार उपयोगाची. चिठ्ठी द्यायची, पण सांगायचे की, ३ ते ५ दिवसांत उतार पडू लागला नाही किंवा दुखणे एकाएकी बळावले, तरच औषध आणा. या कल्पनेची परीक्षा पॉल लिटल व त्यांचे सहकारी यांनी घसादुखीच्या ७१६ रुग्णांवर केली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना थांबून औषध घ्यावयास सांगितले होते, त्यांच्यापैकी ६९ टक्के लोकांनी ते घेतलेच नाही. उलट, ज्यांना तत्काळ औषध मिळाले, त्यांचा त्या औषधावरचा विश्वास वाढला आणि पुढच्या वेळीही डॉक्टरांकडे धाव घेण्याचा त्यांचा कल अधिक दिसला. अनावश्यक चिठ्ठी ही पुढच्या चिठ्ठीची जननी ठरते, ती अशी.

परंतु राखीव चिठ्ठी देणेही बोलण्याच्या कौशल्यावाचून साधत नाही. आणि येथे शिक्षणाचा प्रश्न येतो. २०१२ साली तेथील कुटुंब-डॉक्टरांचे रॉयल कॉलेज आणि आरोग्य खात्याचे तज्ज्ञ यांनी ‘टार्गेट’ नावाची शिक्षणसामग्री तयार केली. तिच्यात डॉक्टरांसाठी पाठ आहेत, स्वतःच्या चिठ्ठ्या स्वतः तपासण्याचे नमुने आहेत आणि रुग्णाच्या हाती देण्याची पत्रके आहेत. कानाचे दुखणे साधारणतः ८ दिवस, सर्दी १४ दिवस आणि खोकला २१ दिवस टिकतो, असे ते पत्रक सांगते. खोकला तीन आठवडे राहू शकतो हे ज्याला आधी कळले, तो पाचव्या रात्री घाबरून धावत येत नाही.

रुग्णाला औषध हवे आहे असे डॉक्टर गृहीत धरतो. वास्तविक पुष्कळदा त्याला मूल सुखरूप आहे एवढेच ऐकायचे असते. यास्तव, “तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?” हा प्रश्न विचारावयास डॉक्टरांना शिकविले जाते. त्याचबरोबर कोणती लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता परत यावे, हे स्पष्ट सांगावयास शिकविले जाते. श्वास लागणे, मूल जागे न होणे, दाबूनही न विरणारे पुरळ, दीर्घकाळ लघवी न होणे, ही त्यांपैकी काही.

आणखी एक उणीव भरून काढावी लागते. पाळीने येणाऱ्या डॉक्टराला आपल्या निर्णयाचे पुढे काय झाले हे कळत नाही, आणि फळ न दिसता हात सुधारत नाही. म्हणून ‘नाइस’च्या ऑगस्ट २०१५ मधील मार्गदर्शिकेत, ज्याने-त्याने लिहिलेल्या प्रतिजैविकांचा आढावा त्याला कळविण्याचा विचार व्हावा, असे सुचविले आहे. याचे फळ दिवसाच्या दवाखान्यांत दिसून आले आहे. २०१४ साली मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचे एक पत्र, आपल्या भागातील बहुसंख्य दवाखान्यांपेक्षा अधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या दवाखान्यांकडे गेले. तेवढ्यानेच त्यांच्या चिठ्ठ्या ३.३ टक्क्यांनी घटल्या. शिक्षा नव्हती, सक्ती नव्हती. केवळ आरसा दाखविला होता.

गुणांची बेरीज, राखीव चिठ्ठी, पत्रक आणि आढावा या चारही गोष्टींचा हेतू एकच. रात्रीच्या डॉक्टरापाशी जो ‘परवा’ नसतो, तो त्याला आणि रुग्णाला अन्य मार्गाने मिळवून द्यावयाचा. काय होईल, किती दिवस चालेल आणि केव्हा परत यायचे, हे ज्याला नीट सांगितले आहे, तो रुग्ण औषधावाचून परतला तरी रिकाम्या हाताने परतत नाही. आणि ज्या रात्री पेनिसिलिनची खरीखुरी गरज पडेल, त्या रात्री ते लागू पडण्याची आशा शिल्लक राहते.