लष्करी अळी आली तरी कोठून?

सास्तूर (ता. लोहारा) परिसरातील मक्याच्या पोंग्यात शिरणारी लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातील. आफ्रिकेत ती २०१६ मध्ये, तर भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथे आढळली; त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही पोहोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडतो. साहजिकच ती आफ्रिकेतूनच पसरत आली, असा तर्क होता. निरनिराळ्या देशांतील पतंगांचे जनुकसंच ताडून पाहणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो डळमळीत केला. तिचा शिरकाव एकदा नव्हे, अनेकदा झाला असावा. हा केवळ वंशावळीचा प्रश्न नाही. काही कीटकनाशकांना दाद न देणारे जनुकीय बदलही या अळीत आढळले आहेत. ‘ती तर आलीच आहे’ म्हणून बंदरांवरील तपासणी सैल सोडल्यास नवे पतंग असे आणखी बदल आणतील, आणि फवारणीचा खर्च मातीत जाईल तो शेतकऱ्याचा.