मुलाची गोष्ट मुलासोबत जावी

चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तकाचं दार लावलं, जून २०२५ मध्ये स्वीडनच्या सरकारी आयोगाने परदेशातून मुलं आणणं थांबवा अशी शिफारस केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी पाठवलेल्या मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली. या बातम्या आपल्याकडे छापून आल्या, वाचल्या गेल्या. याच मालिकेतली एक बातमी मात्र थेट आपल्याशी संबंधित असूनही फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही.

स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक आणि थुर्गाऊ या दोन प्रांतांनी भारतातून दत्तक आलेल्या मुलांच्या जुन्या फायली संशोधकांकडून तपासून घेतल्या. १९७३ ते २००२ या काळात भारतातून त्या छोट्याशा देशात २,२७८ मुलं गेली होती. २०२४ मध्ये हा अहवाल पुस्तकरूपाने आला. संशोधकांनी बारकाईने पाहिलेल्या फायलींत जन्मदात्या आईने मूल द्यायला संमती दिल्याचा कागद सापडला नाही. पुस्तकाचं शीर्षकच ‘आई अज्ञात’ असं आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये स्विस सरकारने परदेशी दत्तक बंद करण्याचा इरादा जाहीर केला.

दार बंद करावं की उघडं ठेवावं, या वादात माझी बाजू आधीच सांगून टाकते. दार पूर्ण बंद झालं, तर त्याची झळ पोचेल ती आपल्याकडच्या शिशुगृहांतल्या अशा मुलांना, ज्यांना इथे कुणी ‘हो’ म्हणत नाही. पण या सगळ्या देशांतून आलेली तक्रार एकच आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. मूल पोचलं, त्याची गोष्ट पोचली नाही. म्हणून मूल घरी आणण्याची तयारी म्हणजे काय, हे नव्याने मांडायला हवं. खोली रंगवणं, पलंग घेणं, शाळेत नाव घालणं हे तर कुणीही करतं.

परदेशी दत्तकाचा विषय निघाला की आपल्याकडे लिसा स्थळेकरची गोष्ट हमखास निघते. पुण्यात १९७९ मध्ये जन्मलेली, ससूनच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेलेली ही मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी कामगिरी करणारी ती पहिली महिला. तिचे वडील मूळचे मुंबईचे. गोष्ट सुंदर आहेच, पण लिसा घरी गेली तेव्हा काही आठवड्यांची होती. आज भारतातून परदेशी जाणारं मूल बहुतेक वेळा तसं नसतं. ते चार, सहा, आठ वर्षांचं असतं, कधी भावंडांची जोडी असते, कधी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असते किंवा व्हायची असते, कधी ऐकू कमी येतं. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातल्याच घरांत. हे चांगलंच झालं. पण देशातले पालक दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ मागतात आणि त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ रांगेत थांबतात. उरलेल्या साडेतीनशेच्या आसपास मुलांमध्ये बहुतांश तीच, जी इथल्या रांगेने ओलांडून पुढे दिली.

अशा मुलाला बोलता येतं. मित्र असतात, संस्थेत सांभाळणारी आवडती मौशी असते, जेवणाच्या सवयी असतात. म्हणजे आठवणींचा एक मोठा साठा घेऊन ते निघतं.

कागदपत्रांचा रस्ता इच्छुकांना पाठ असतो. परदेशी नागरिकांसाठी मान्यताप्राप्त एजन्सी, घराचा अभ्यास अहवाल, दत्तकाचं काम पाहणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर नोंदणी, मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल, मग ‘कारा’चं ना-हरकत पत्र, दत्तक आदेश, परदेशी दत्तकाविषयीच्या हेग कराराखालचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. अनिवासी भारतीयांना देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरलं जातं. इथे एकच इशारा देऊन पुढे जाते. परदेशातली अनेक मराठी कुटुंबं बहिणीचं किंवा पुतण्याचं मूल घरगुती दत्तकविधान करून नेऊ पाहतात आणि व्हिसाच्या खिडकीवर अडकतात. नात्यातलं मूल असलं तरी परदेशी न्यायचं तर ‘कारा’ला वगळता येत नाही.

आता वैद्यकीय अहवालाकडे वळू, कारण पालक सगळ्यात जास्त घाबरतात ते याच्या वाचनाने, आणि सगळ्यात कमी विचारतातही याच्याबद्दल. अमेरिकेत परदेशी दत्तक मुलांसाठीचं पहिलं खास क्लिनिक १९८६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डॉ. डेना जॉन्सन यांनी सुरू केलं. नवजात शिशूंचे हे तज्ज्ञ स्वतः भारतातून दत्तक घेतलेल्या मुलाचे वडील. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो अहवाल पाहून एक ढोबळ हिशेब मांडला. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे मुलाची उंची साधारण एका महिन्याने मागे पडते. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो, कारण तो घाबरवतही नाही आणि खोटा धीरही देत नाही. चार वर्षांचं मूल पावणेतीन वर्षांएवढं दिसलं तर लगेच दुर्मीळ आजार शोधत बसायचं कारण नाही. पण डोक्याचा घेर, उंची आणि वजन यांच्या तारखांसकट जुन्या नोंदी मागायच्या आणि वाढीची रेषा कुठे वाकली ते पाहायचं. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. घरी पोचल्यावर क्षयरोगाची आणि हिपॅटायटिस बीची चाचणी नव्याने करायची, काही महिन्यांनी पुन्हा करायची. इथला अहवाल कोरा आहे म्हणून थांबायचं नाही.

आणि एक गोष्ट, जी मुलगी आणणाऱ्या प्रत्येक घराने आधीच माहीत करून घ्यायला हवी. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी भारतातून दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची पाळी सुरू होण्याचं मध्यम वय ११.६ वर्षं निघालं, स्वीडिश मुलींचं १३ च्या आसपास होतं. एका मुलीला तर सात वर्षं पूर्ण होऊन काहीच महिने झाले होते. कुपोषित शरीराला एकदम भरपूर अन्न मिळतं, वाढ झपाट्याने होते आणि वयात येण्याची प्रक्रियाही लवकर सुरू होते, असं त्यांनी मांडलं. त्या मुलींची अंतिम उंचीही कमी राहिली. दुसरीतल्या मुलीला, जिला नवीन भाषा अजून धड बोलता येत नाही, शरीरात काय चाललंय हे कोण आणि कोणत्या शब्दांत सांगणार? याची तयारी विमानात बसण्याआधी करायची असते. बालरोगतज्ज्ञाला हा अभ्यास दाखवायला संकोच करू नये. मुलीचं खरं वय अंदाजाने लिहिलेलं असू शकतं, हेही त्याला सांगावं.

भाषेबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण तिच्याकडे कुणीच बघत नाही. दत्तक मुलं जुनी भाषा विसरतात, काही महिन्यांतच बोलणं बंद करतात, हे खरं. पण विसरणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे, असं संशोधन सांगतं. माँट्रियलमध्ये चीनमधून बाळपणी आलेल्या, केवळ फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी स्वर ऐकवले, तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी बोलणाऱ्यांसारखाच होता. हा अभ्यास २०१४ चा. त्याच्या आधी, २०११ मध्ये, लेहर सिंग यांनी भारतातून इंग्रजी बोलणाऱ्या घरांत गेलेल्या मुलांची परीक्षा घेतली. आपल्या त आणि ट मधला फरक इंग्रजी कानाला ऐकू येत नाही. सुरुवातीला या मुलांनाही आला नाही. थोडा सराव दिल्यावर मात्र त्यांना तो ऐकू येऊ लागला, इंग्रजी बोलणाऱ्या इतर मुलांना तेवढ्याच सरावाने आला नाही. लहानपणी मौशीने ‘ताट आण’ म्हटलेलं कुठेतरी आत राहिलेलं असतं.

म्हणून पालकांना माझा आग्रह असा की मुलाच्या भाषेतले तीसेक शब्द शिकून या. मंमं, दुदू, सू, शी, भू, जोजो. ‘दुखतंय का?’ ‘भूक लागली?’ ‘मी इथेच आहे.’ ‘परत येते.’ या शेवटच्या वाक्याची किंमत पहिल्या रात्री कळते. आणि मूल मराठीच बोलतं असं गृहीत धरू नका. नंदुरबारच्या मुलाची भाषा भिली असेल, सोलापूरच्या संस्थेतल्या मुलाची तेलुगू किंवा कन्नड. संस्थेला विचारा. जे मराठी जोडपं न्यू जर्सीहून येतं त्यांना या बाबतीत फार मोठा फायदा असतो. घरात इंग्रजीच बोलायचं ठरवून तो वाया घालवू नका. शाळा इंग्रजी शिकवेलच.

एका शिशुगृहात पाहिलेला अल्बम सांगते. परदेशातल्या आईवडिलांनी पाठवलेला, प्रत्येक पान लॅमिनेट केलेलं. पहिल्या पानावर दोघांचे चेहरे, मग घराचा दरवाजा, जिना, स्वयंपाकघर, कुत्रा, शेवटी पलंग. मौशी रोज दुपारी मांडीवर घेऊन पान उलटायची, ‘हा बघ तुझा पप्पा, हा तुझा टॉमी.’ मूल कुत्र्याच्या पानावर बोट ठेवून बसायचं. पण पलंगाचं पान आलं की गडबडायचं. एका खोलीत एकच पलंग, तोही भिंतीपाशी, शेजारी कुणी नाही. जे मूल जन्मापासून दहा-बारा जणांच्या खोलीत, दिव्याच्या उजेडात, कुणाच्या तरी रडण्या-खोकण्याच्या आवाजात झोपलं, त्याच्यासाठी काळोखी, शांत, स्वतःची खोली ही भीतीची जागा आहे. शिशुगृहाच्या ताईंनी पालकांना कळवलं, आणि त्यांनी नवा फोटो पाठवला, मोठ्यांच्या पलंगाला लागून ठेवलेल्या गादीचा. तयारी म्हणजे हे. अल्बम तिकडून इकडे येतो, तसा इकडूनही तिकडे जायला हवा: मौशीचा फोटो आणि नाव, खोलीचा, अंगणाचा, जेवणाच्या पंक्तीचा फोटो, मौशीने झोपवताना म्हटलेलं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून. डोक्याला कोणतं तेल लावतात, भात किती मऊ लागतो, अंगाई म्हणताना पाठीवर थोपटतात की कपाळावर हात फिरवतात, तेही लिहून. न धुतलेली चादर किंवा झबलं सोबत द्यावं. हे सगळं द्यायला कायदा नडत नाही, पैसाही लागत नाही.

आणि फाइल. तिची पूर्ण प्रत. मूल कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत सापडलं, वर्तमानपत्रात जाहिरात कधी दिली, बालकल्याण समितीने ते दत्तकासाठी मुक्त कधी केलं. आईने स्वतः सोपवलं असेल तर विचार बदलायला कायद्याने दिलेले साठ दिवस तिला खरोखर मिळाले का. हे प्रश्न विचारले तर प्रक्रिया लांबेल, संस्था नाराज होईल, अशी भीती पालकांना वाटते. विचारलंच पाहिजे. पुण्यातल्याच एका संस्थेवर २०१० मध्ये सीबीआयने गुन्हा दाखल केला होता, हे विसरून चालणार नाही. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले, २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला, २०१५ चा बाल न्याय कायदा आला. प्रत्येक नियमामागे कुठलीतरी फसवणूक आहे. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेले अरुण डोहले आपली फाइल मिळावी म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. तो कागद पहिल्याच दिवशी बॅगेत असता तर?

नागरिकत्वाचा कागदही तितकाच महत्त्वाचा. मुंबईतून १९८९ मध्ये लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीचं नागरिकत्व घेण्याचं तिच्या मोठ्यांकडून राहून गेलं. २००८ मध्ये, नवरा आणि मुलं तिकडे असताना, तिला मुंबईत आणून सोडण्यात आलं. इथली भाषा तिला येत नव्हती. अमेरिकेत आता बहुतांश दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळतं, तरी त्याचं प्रमाणपत्र काढून घ्या. इतर देशांत नियम वेगळे आहेत, ते निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

मूल गेल्यानंतर दोन वर्षांत सहा अहवाल यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला. त्यापुढे कुणी विचारत नाही. खरे प्रश्न तर बाराव्या-तेराव्या वर्षी उभे राहतात.

शेवटी एक मागणी, पालकांकडेही आणि राज्याकडेही. ना-हरकत पत्र मिळाल्यावर, आदेश यायचा असताना, भारतात राहून मूल दत्तकपूर्व सांभाळायला घेण्याची सोय नियमांत आहे. तिचा वापर फार थोडे करतात. बहुतेक पालक सुट्टीच्या हिशेबाने येतात, आठवड्याभरात मूल घेऊन विमानात बसतात. निदान एक महिना त्याच गावात घर घेऊन राहा. मौशी रोज संध्याकाळी घरी येऊ दे, मुलाला तिच्यासमोर तुमच्या हातून जेवू दे, पाव नको म्हणालं तर वरणभात कालवून द्या. महिला व बालविकास विभागाने या महिन्याचा मौशीचा पगार आणि येण्याजाण्याचा खर्च उचलावा. वर्षाला राज्यातून परदेशी जाणारी मुलं मोजकीच असतात, तो खर्च सरकारला सहज पेलण्यासारखा आहे.