गर्भकालीन मधुमेह : प्रसूतीनंतरची काळजी

गर्भारपणात प्रथमच उद्‌भवणारा हा विकार वार पडल्यावर बहुधा ओसरतो. परंतु अशा स्त्रीस पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतर स्त्रियांच्या कित्येक पट असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी ७५ ग्रॅ. ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. ती १०० मिलि.मध्ये २०० मिग्रॅ. वा अधिक भरल्यास मधुमेह समजतात. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण प्रायः माहेरी होते व सव्वा महिन्यानंतर बाळंतीण सासरी परतते. नेमकी याच सुमारास ही तपासणी राहून जाते. वास्तविक बालकाला दीड महिन्याची लस टोचावयास नेतात, तेव्हाच ती उरकता येते. डिंक-अळिवाचे लाडू बेतानेच द्यावेत. स्तनपान व नित्य चालणे हितावह असते. निदान दर तीन वर्षांनी, तसेच पुढील गर्भधारणेपूर्वी, रक्त पुन्हा तपासतात.