सपाट रानांतील फेरफटका

सहलीस जावयाचें म्हटलें कीं आमच्या घरांत प्रथम डोंगराचें नांव निघतें. तरुण मंडळींना चिखलदरा हवा असतो, मुलांना रामटेकच्या पायऱ्या मोजावयाच्या असतात, आणि मग गुडघे धरून बसलेली वडील मंडळी आपण होऊनच म्हणतात, "तुम्ही जा, आम्ही घर राखतों." असें पांचदहा वेळां झालें म्हणजे घर राखणें हेंच त्यांचें काम ठरून जातें. आमच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें. त्यांत आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आणि सर्वांत धाकटें मूल सहा वर्षांचें. या अकराही जणांना एकाच वेळीं, एकाच वाटेनें, कोणासही दम न लागतां चालतां येईल अशी जागा कोठें असेल काय, असा प्रश्न गेल्या कार्तिकांत आमच्या मनांत आला. आणि शोध करूं लागल्यावर ती घराच्या पाठीमागेंच आहे असें आढळून आलें.

आम्ही नागपुरास मनीषनगरांत राहतों. हा भाग शहराच्या दक्षिण अंगास, वर्धेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पलीकडे वसलेला आहे. कित्येक वर्षें मनीषनगरचा माणूस म्हणजे रेल्वेच्या फाटकाशीं खोळंबलेला माणूस, अशीच त्याची ओळख होती. २०१९ सालीं वर्धा मार्गावर मेट्रो धावूं लागली, २०२० सालीं लोहमार्गावरचा पूल खुला झाला, आणि आमचें सर्वांचें तोंड एकदांचें शहराकडे वळलें. पाठीमागें, म्हणजे बेसा, घोगली, पिपळा या गांवांच्या बाजूस, काय आहे हें पाहण्याची सवड कोणास? तिकडेही आतां घरें झालीं आहेत व रोज होत आहेत. तथापि त्या घरांच्या मधून आणि पलीकडे अजून वावरें आहेत, धुरे आहेत, पांदणी आहेत, आणि त्यांच्या कडेनें जाणारी एक लहानशी नदी आहे.

या नदीचें नांव पोहरा. कित्येक जण तिला पोरा असेंही म्हणतात. नाग नदीनें शहरास नांव दिलें म्हणून तिचा लौकिक मोठा. पिवळी नदीही लोकांस ठाऊक आहे. पोहऱ्याचें नांव मात्र आमच्याच घरांतील तिघांनीं ऐकलें नव्हतें. सहकारनगराच्या बाजूनें येऊन बेसा, पिपळा, हुडकेश्वर यांच्या अंगानें ती विहिरगांवाकडे जाते. ही लांबी अवघी तेरा किलोमीटरांच्या आसपास. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंचीवर आहे व येथील भूमि पूर्वेकडे अगदीं हळूहळू उतरत जाते. तो उतार पायांस कळत नाहीं, पाण्यास कळतो. या बाजूचें पाणी अखेर वैनगंगेंत जातें, वैनगंगा वर्धेला मिळाली म्हणजे तिची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीस मिळते. आपल्या गल्लींतलें पावसाचें पाणी राजमहेंद्रीवरून समुद्रास जातें हें ऐकून मुलें चकित झालीं. खरें सांगावयाचें तर आम्हीही थोडे झालोंच.

या सपाटीवर चालावयाचा काळ म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यांत येथील काळी माती जोड्यास अशी चिकटते कीं दहा पावलांत प्रत्येक पाय शेरभर जड होतो. ही माती पाणी पिऊन फुगते व उन्हानें आकसते. म्हणून वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तेव्हां ऊनही पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेलेलें असतें. मार्गशीर्षांत मात्र तीच माती घट्ट व मऊ अशी असते कीं दुखऱ्या गुडघ्यास डांबरी रस्त्यापेक्षां तिच्यावरच सुख वाटतें. पहांटेचें धुकें विरूं लागतांच निघावें व ऊन चढण्यापूर्वीं परत यावें. हातांत काठी असावी; ती आधारासाठीं तर खरीच, पण गवतांत पाय टाकण्यापूर्वीं तें हलवावयासही, कारण या रानांत घोणस आढळतो. आणखी एक नियम आम्हीं पहिल्याच रविवारीं केला: सर्वांत वडील माणसानें पुढें चालावें. तरुण पुढें गेले कीं वडिलांना धांवावें लागतें. वडील पुढें असले म्हणजे तरुणांना आजूबाजूस पाहावें लागतें. घरांतील सुनांचें बाहेर चालणें एरव्हीं भाजीबाजारापलीकडे जात नाहीं व तेंही घड्याळाकडे पाहून होतें. त्यांना हा नियम विशेष मानवला.

पुढें चालणाऱ्या आत्याबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. तो तळ्यांचा मुलूख. तेथील कोहळी लोकांनीं पूर्वीं शेंकडों तळीं बांधलीं. नवेगांवचा बांध त्यांपैकींच एक. तळ्याखालीं धानाच्या बांध्या, बांध्यांमधून हातभर रुंदीची पाळ, आणि त्या पाळीवरून शाळेस जाणारी परकरी मुलगी, हें चित्र आत्याबाईंनीं आम्हांस पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें. घोगलीकडच्या एका धुऱ्यावर पाऊल ठेवतांच त्या आपोआप एकापुढें एक पाय टाकून चालूं लागल्या. आमचा हात धरावयास पुढें झालेला पुतण्या तसाच मागें राहिला. वाटेंत त्यांनीं सिंदी दाखविली, पाणकणसाचीं कणसें दाखविलीं, बांधावरचा लव्हाळा उपटून त्याची गांठ हुंगावयास दिली. पक्ष्यांची माहिती मात्र मुलांपाशीं अधिक होती. उथळ पाण्यांत तांबड्या काटकुळ्या पायांवर उभा असलेला शेकाट्या, शेपटी हलवीत फिरणारा धोबी, माणूस दिसतांच ओरडून उठणारी टिटवी, हे सारे त्यांनींच ओळखले. यांतील धोबी हा हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा पाहुणा आहे. एवढेंसें पांखरूं हिमालयापलीकडून येऊन आपल्या गटारासारख्या झालेल्या नदीच्या कांठीं उतरतें, याचा आम्हांस आनंद व्हावा कीं लाज वाटावी, हें कळेना.

गटारासारखी हा शब्द आम्हीं रागानें योजलेला नाहीं. पुलाजवळ नदीचा वास येतो, पाणी काळसर असतें, आणि उन्हाळ्यांत जें वाहतें त्यांत बरेंचसें वस्तीचें सांडपाणीच असतें. तेथें नाकास पदर लावून पुढें जावें व वस्ती विरळ झाल्यावर कांठास यावें, हा आमचा अनुभव आहे. पण त्या पुलाजवळही एक गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. कांठच्या बाभळींच्या फांद्यांत, माणसाच्या डोक्याहून उंच, चिंध्या व प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या आहेत. पाणी कोठवर चढलें होतें याची ती खूण. २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा सरकारी नकाशावर निळ्या रेषेनें व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल रेषेनें दाखवितात. बाभळीनें दाखविलेली रेषा वाचावयास नकाशा लागत नाहीं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदी लोकांच्या घरांत शिरली, माणसें दगावलीं, तें आम्हां सर्वांस आठवतें. तें नाग नदीचें झालें. पोहऱ्याच्या कांठीं चालतांना कोणतें घर त्या चिंध्यांच्या खालीं आहे, हें आमच्या दहा वर्षांच्या मुलीनें बोट दाखवून सांगितलें. सपाट भूमींत पाणी उतरावयास जागा लागते आणि पसरावयास त्याहून अधिक लागते. मोटारींतून जाणाऱ्यास ही गोष्ट दिसत नाहीं.

माघांतील एका रविवारीं मात्र आम्हांस अर्ध्या वाटेंतून परतावें लागलें. ज्या पांदणीनें आम्ही दोन महिने जात होतों, तिच्या तोंडाशीं सिमेंटची भिंत उभी राहिलेली होती. पलीकडे नव्या भूखंडांचे दगड रोंवलेले. आमची सहल बुडाली ही बाब लहान. पण भिंतीपाशीं एक शेतकरी बैलगाडी घेऊन उभा होता, गाडींत वांग्यांचीं पोतीं होतीं, आणि त्याला आतां रस्त्यास लागण्यासाठीं दीड मैलांचा वळसा पडणार होता. "वाट तर बापाच्या आधीपासूनची आहे जी," एवढेंच तो म्हणाला.

घरीं येऊन आम्हीं भूमि अभिलेख कार्यालयांतून गांवनकाशाची प्रत मिळविली. या नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनीं व पाऊलवाट एका तुटक रेषेनें दाखविलेली असते, हें आमच्यासारख्या शिकलेल्या घरासही तोंवर माहीत नव्हतें. जेथें भिंत उभी आहे तेथून दोन तुटक रेषा सरळ नदीकडे गेलेल्या आहेत.

इंग्लंडच्या पूर्व भागांत फेन नांवाची दलदलीची अशीच सपाट भूमि आहे. सतराव्या शतकांत व्हर्म्युडन नांवाच्या डच स्थापत्यविशारदानें चर खणून तेथील पाणी काढलें व उत्तम शेती झाली. पण पाणी गेल्यावर माती आकसली. होम फेन येथें १८५१ च्या सुमारास माथ्यापर्यंत जमिनींत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारें चार मीटर उघडा पडला आहे! विकन फेन हा मूळ दलदलीचा थोडा भाग मात्र १८९९ पासून एका न्यासानें राखून ठेवला आहे. आम्हांस त्या देशाचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणानें. १९४९ च्या कायद्यानें तेथें सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदल्या गेल्या, आणि नोंदलेली वाट शेतामधून जात असली तरी शेताच्या मालकास ती आपल्या मर्जीनें बुजवितां येत नाहीं.

आपल्याकडे कायदा अगदींच नाहीं असें नव्हे. वहिवाटीच्या वाटेंतील अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानें दिलेला आहे. परंतु ही तरतूद शेतास जाणाऱ्या माणसासाठीं आहे, सहलीस जाणाऱ्यासाठीं नव्हे. म्हणून अर्ज त्या शेतकऱ्याच्या नांवें झाला व वाट वापरांत होती हें सांगावयास आम्ही साक्षीला उभे राहिलों. आत्याबाईंनीं आपलें नांव साक्षीदारांत पहिलें घालावयास लाविलें. "पुढें मी चालत होतें," असें त्यांचें म्हणणें, आणि त्यांत कोणास वाद घालतां येईना.

सुनावणीची तारीख पुढील महिन्यांत पडली आहे. तोंवर दक्षिणेकडच्या धुऱ्यावरून जावयास त्या शेतकऱ्यानेंच आम्हांस मोकळीक दिली आहे. ती वाट अर्धा मैल लांबची असून मध्यें एक नाला ओलांडावा लागतो; त्यांत मुलांनीं चार दगड टाकून ठेवले आहेत. येत्या रविवारीं तिकडे जावयाचें ठरलें असून, आत्याबाईंनीं वड्यांसाठीं दोन जुड्या सांबार आदल्या रात्रींच निवडून ठेवावयास सांगितला आहे.