आतड्याच्या आजारावर वर्षभराची ट्रायल. सही करण्याआधी तेराव्या महिन्याचं विचारून घ्या

इच्छापोर (सुरत), वार्ताहर : संडासातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन हजिरा रोडवरच्या कारखान्यांत किंवा हिऱ्याच्या घंटीवर काम करणारा माणूस मेडिकलमधून मलम नेतो आणि चार-सहा महिने तसेच काढतो. पण रक्तासोबत आव पडते, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, वजन उतरतं, आणि हे महिनोन् महिने चालतं, तेव्हा आतड्याला आतून सूज आणि जखमा असू शकतात. डॉक्टर त्याला आयबीडी म्हणतात. फक्त मोठ्या आतड्यात असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो तो क्रोन्स.

हा गोऱ्या लोकांचा आजार, असं पूर्वी म्हणत. पंजाबमध्ये घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००३ मध्ये छापून आला. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. तेव्हा आपल्याकडे नाहीच, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

या आजाराची खोड अशी, की तो शांत होतो पण जात नाही. म्हणून औषधांची कामं दोन. भडकलेली आग विझवणं हे एक, आणि राखेखालचा निखारा पुन्हा पेटू न देणं हे दुसरं. हॉस्पिटलात तुम्हाला ‘दीर्घकालीन उपचाराच्या ट्रायल’बद्दल विचारलं, तर ती बहुधा या दुसऱ्या कामाची असते आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त चालते.

आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला? हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये त्याचं उत्तर छापलं. सल्फासालाझीन घेऊन वर्षभर किंवा जास्त काळ बरे असलेले ६४ रुग्ण त्यांनी घेतले. काहींची गोळी चालू ठेवली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. तिला प्लासिबो म्हणतात. सहा महिन्यांत प्लासिबोवाल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं. दुखत नाही म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

पुढे सुईतून किंवा सलाईनमधून द्यायची महागडी औषधं आली, तशी ट्रायलची मांडणीही बदलली. वेडोलिझुमॅब या औषधाची २०१३ ची ट्रायल नमुन्यादाखल घ्या. तिच्यात आधी सहा आठवडे औषध देऊन कोणाला गुण येतो ते पाहिलं. गुण आलेल्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले : एकाला दर आठ आठवड्यांनी औषध, दुसऱ्याला दर चार आठवड्यांनी, तिसऱ्याला प्लासिबो. कोण कुठल्या गटात, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ५२ व्या आठवड्याला आजार पूर्ण शांत असलेले रुग्ण आठ आठवडेवाल्या गटात ४१.८ टक्के, चार आठवडेवाल्यात ४४.८ टक्के आणि प्लासिबोत १५.९ टक्के निघाले.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. औषधाने फरक पडला, नक्कीच पडला. पण औषध चालू असूनही निम्म्याहून जास्त लोकांचा आजार वर्षअखेरीस पूर्ण शांत नव्हता. आणि दुसरी बाजू अशी, की अशा ट्रायलमध्ये ज्या औषधाने गुण आला तेच पुढे चिठ्ठीने बंद होऊ शकतं. आजार उलटला तर प्लासिबोतून कधी काढणार, त्याऐवजी काय देणार, हे कागदावर लिहिलेलं असतं. ते वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला सांगा.

आम्ही कॉमर्सवाले, टक्केवारी दिसली की मूळ रक्कम विचारतो. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडायचा प्रयोग झाला (ऐकायला कसंतरी वाटतं खरं, पण जगभर त्यावर काम चालू आहे). आजार शांत असलेले ६१ रुग्ण, दर आठ आठवड्यांनी उपचार, ४८ आठवडे. शेवटी लक्षणं नसलेले ३१ पैकी २७, म्हणजे ८७ टक्के. प्लासिबोत ३० पैकी २०, म्हणजे ६७ टक्के. वीस टक्क्यांचा फरक मोठा दिसतो. पण एवढ्या लहान गटात पाच-सात माणसं योगायोगानेही इकडची तिकडे होतात, म्हणून हा फरक पक्का धरता आला नाही. दुर्बिणीतून दिसणारी जखम मात्र उपचाराच्या गटात स्पष्टपणे जास्त जणांची भरली होती.

हळदीचंही तसंच. जपानमध्ये २००६ च्या ट्रायलमध्ये नेहमीच्या गोळीसोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. सहा महिन्यांत ४३ पैकी दोघांचा आजार उलटला, प्लासिबोत ३९ पैकी आठ जणांचा. पण दिल्लीच्या एम्समध्ये भडकलेला आजार शांत करायला रोज ४५० मिलीग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा उपयोग दिसला नाही. डोस वेगळा, कामही वेगळं. आणि कर्क्युमिन हा हळदीतला काढलेला अर्क आहे. दुधातली चमचाभर हळद म्हणजे ते नव्हे. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं म्हणून गोळी बंद करू नका.

आपल्या लोकांसाठी टीबीची गोष्ट फार महत्त्वाची. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की मोठमोठे डॉक्टर चकतात. शिवाय इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅबसारखी औषधं शरीरात झोपलेला टीबी जागा करू शकतात. घरात किंवा खोलीतल्या सोबत्याला टीबी झाला असेल तर लपवू नका. ट्रायलमध्ये घेणार नाहीत या भीतीने बरेच जण लपवतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

कागदाचं म्हणाल तर २०१९ चे नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियम स्पष्ट आहेत. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत हवं. सुरतेत गुजराती कागद पुढे आला आणि वाचता येत नसेल, तर मराठी मागा, त्यात लाजायचं काही नाही. ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद असते, तिचा नंबर विचारा. ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि वेबसाइटवर कोणालाही फुकट पाहता येते. मधेच केव्हाही बाहेर पडता येतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च ट्रायल करणाऱ्याने करायचा असतो. तपासणीच्या तारखा मात्र आधीच मांडून पाहा. आखाजीला, कानबाईला गावी जाणारच, मग त्या आठवड्यातली सलाईन चुकली तर काय? हजेरी बुडाली, भाडं लागलं, त्याचे पैसे मिळणार का? कोलोनोस्कोपी किती वेळा होणार?

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न : ट्रायल संपल्यावर औषधाचं काय? याच नियमांत २७ वा नियम आहे. डॉक्टरने शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं तर कंपनीने पुढेही औषध फुकट द्यायचं. पण त्याला अट आहे. औषधाने त्या रुग्णाला फायदा झालेला हवा, आणि त्या आजारावर दुसरा पर्यायी उपचार उपलब्ध नसावा. आयबीडीवर मेसालामाइनपासून अझाथायोप्रिनपर्यंत पर्याय आहेत. म्हणजे या नियमाच्या आधारे तुम्हाला हक्काने औषध मिळेलच असं नाही. काही कंपन्या ट्रायलनंतर खुला टप्पा ठेवतात, त्यात प्लासिबो नसतो, सगळ्यांना औषध मिळतं. तो टप्पा आहे का, किती महिन्यांचा, हे लेखी असायला हवं.

नसेल तर तेराव्या महिन्यात औषध स्वतःच्या खिशातून. अ‍ॅडालिमुमॅबची जगातली पहिली नक्कल अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्ये बाजारात आणली. मूळ औषधापेक्षा ती स्वस्त, तरी महिन्याच्या पगारावर कारखान्यात राबणाऱ्याला जडच. म्हणून सही करायच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा : ट्रायल संपली की मला कुठल्या गोळीवर नेणार, ती सिव्हिलमध्ये मिळते का, आणि ट्रायलच्या तपासण्यांचे रिपोर्ट माझ्या हातात देणार ना? गावी परत गेलात तर धुळ्या-नंदुरबारच्या डॉक्टरपुढे ठेवायला तेवढीच फाईल तुमच्याजवळ असेल.