विळा कधी चालवायचा?

पावसाळ्यात माळावरच्या उंच गवतातून एक काळा-पांढरा पक्षी अचानक दीड-दोन मीटर वर उसळतो आणि पुन्हा गवतात बुडतो. हा तणमोर. मादीला भुलवण्यासाठी नर दिवसभरात अशा शेकडो उड्या मारतो. पुढची सगळी जबाबदारी मात्र मादीची. ती उघड्या जमिनीवरच तीन-चार अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे उबवते. तिला आडोसा फक्त गवताचा.

जगभरात अतिसंकटग्रस्त ठरलेल्या या पक्ष्याचा विणीचा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर. सौराष्ट्रातल्या ‘विडी’ आणि माळव्यातली ‘बीड’ म्हणजे गवतासाठी राखलेली कुरणे. पावसाळाभर तिथे जनावरे सोडायची नाहीत आणि पाऊस सरल्यावर गवत कापायचे, अशी रीत. ती वैरणीसाठी पडली, पक्ष्यांसाठी नव्हे. पण तोवर पिल्ले उडायला लागलेली असत. रतलाम जिल्ह्यातल्या सैलाना इथे १९८३ मध्ये तणमोरासाठी अभयारण्य झाले, तेही अशाच गवताळ भागात.

कापणी महिनाभर अलीकडे आली तर अंडी-पिल्ले उघडी पडतात. मग गवताला हातच लावू नये का? तेही बरोबर नाही. वर्षानुवर्षे न कापलेल्या, न चरलेल्या कुरणात जुन्या काडीचा थर साचतो, काटेरी झुडपे घुसतात आणि मोकळ्या माळावरचे पक्षी तिथून निघून जातात.

तारखेइतकीच दिशाही महत्त्वाची, हे स्कॉटलंडमध्ये कॉर्नक्रेक या पक्ष्याने शिकवले. यंत्र कडेने गोल फिरत आत येई, तसतशी पिल्ले मधल्या उरलेल्या गवतात सरकत. उघड्यावर पळायला ती धजत नाहीत. शेवटच्या फेरीत ती पात्याखाली सापडत. आता तिथल्या शेतकऱ्यांना उशिरा आणि मधून बाहेर कापणी करण्यासाठी अनुदान मिळते.

आपल्याकडे मात्र माळ म्हणजे पडीक जमीन, असाच समज. मग खड्डे खणून तिथे झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात, तेही भर पावसाळ्यात, मादी अंड्यांवर बसलेली असताना. पुढे त्याच झाडांवर बसून कावळे आणि शिकारी पक्षी गवतातली घरटी हेरतात.