अणुभट्टीतला वायू बाहेर सोडतात तेव्हा

११ मार्च २०११. भूकंपाने जपानच्या फुकुशिमा दाईइची केंद्राची बाहेरून येणारी वीज तोडली, त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली. इंधन थंड ठेवणे अशक्य झाले आणि अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचात, म्हणजे कंटेनमेंटमध्ये, दाब चढू लागला. त्या दिवसांविषयी आजही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : तिथे अणुस्फोट झाला.

वस्तुस्थिती : स्फोट हायड्रोजनचे होते. इंधननळ्यांचे झिर्कोनियम अतितप्त झाले की वाफेशी प्रक्रिया होऊन हा वायू तयार होतो. कवचात नायट्रोजन भरलेला असल्याने तिथे तो पेटला नाही. तो झिरपून वरच्या इमारतीत साचला, हवेत मिसळला आणि इमारतीचे छप्पर उडाले. जिच्या इमारतीत असाच स्फोट झाला त्या चौथ्या भट्टीत तर तेव्हा इंधनच नव्हते. तिसऱ्या भट्टीचा हायड्रोजन सामायिक नळांतून चौथीच्या इमारतीत शिरला होता.

गैरसमज : काहीही झाले तरी कवच बंदच ठेवावे.

वस्तुस्थिती : दाब हाताबाहेर गेला तर कवचच फाटते आणि मग काहीच अडवता येत नाही. पहिल्या भट्टीत दाब रचनेतील मर्यादेच्या दीडपटीहून वर गेला होता. वीज नसल्याने कर्मचारी अंधारात, किरणोत्सारात वायू सोडण्याचे व्हॉल्व्ह हाताने उघडायला गेले. एका तुकडीला अर्ध्यातून परतावे लागले. शेवटी फिरता कॉम्प्रेसर जोडल्यावर १२ मार्चच्या दुपारी दाब उतरला. दुसऱ्या भट्टीचा वायू मात्र सोडताच आला नाही. १५ मार्चला झालेल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तिच्याच गळतीचा मानला जातो.

गैरसमज : वायू सोडताना फिल्टर लावला की सगळे अडते.

वस्तुस्थिती : पाण्याचे, वाळूचे किंवा धातूच्या जाळीचे फिल्टर सेशियम आणि आयोडीनचे कण मोठ्या प्रमाणात पकडतात. झेनॉन, क्रिप्टॉन हे निष्क्रिय वायू मात्र निसटतात. ते जमिनीवर बसत नाहीत, हवेत विरळ होतात. म्हणून वारा पाहून, मोजमाप करत सोडावे लागतात. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघातानंतर कवचात अडकलेला क्रिप्टॉन १९८०च्या जून-जुलैमध्ये असाच टप्प्याटप्प्याने सोडला गेला.

गैरसमज : फिल्टरची कल्पना फुकुशिमानंतर सुचली.

वस्तुस्थिती : स्वीडनमधील बार्सेबेक केंद्रात खडीने भरलेला प्रचंड फिल्टर १९८५ मध्येच उभा राहिला. जपानने उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांना फिल्टर बंधनकारक केला तो २०१३ मध्ये, फुकुशिमाची किंमत मोजून झाल्यावर.